लारीचा डोंगर रिकामा आहे

आमच्या धंद्याबद्दल लोकांची अशी समजूत असते की विमान वरून गेलं की खालची खाण आपोआप कागदावर उमटते. माझी आई त्यातलीच. विमान आमच्या तुरिचा गावावरून फिरत होतं त्या दुपारी तिने मला अंतोफगास्ता शहरातल्या ऑफिसात फोन केला. तुमचं विमान मघापासून डोक्यावर नांगर धरल्यासारखं सरळ येतंय, वळतंय, पुन्हा सरळ जातंय, तर पटकन सांग, आपल्या डोंगरात काही निघालं का, असं म्हणाली. मी म्हटलं, आई, विमान अजून खाली उतरलंसुद्धा नाही. तर म्हणते कशी, मग तू तिथे दिवसभर खुर्चीत बसून करतेस तरी काय.

मी काय करते ते तिला मी आजवर पुष्कळदा सांगितलंय. विमानाच्या पोटात एक कॅमेरा असतो. जमिनीवरून परत आलेलं ऊन तो शेकडो रंगांत सुटं करतो. त्यातले बरेचसे रंग माणसाच्या डोळ्याला दिसतही नाहीत. प्रत्येक खनिज त्यातला आपला ठरलेला रंग गिळून टाकतं. कुठे कोणता रंग कमी पडलाय ते मी शोधते आणि त्यावरून नकाशा रंगवते. दगड फोडायला नको, माती चाळायला नको. आई हे सगळं ऐकून घेते आणि शेवटी विचारते, म्हणजे फोटोच ना? मी म्हणते, हो आई, फोटोच.

पण त्या वेळी तिचा जीव खरोखरच टांगणीला लागला होता. तुरिचाच्या वर लारीचा डोंगर आहे, डोंगराच्या पायथ्याला झरा आहे आणि त्या झऱ्याचं पाणी पाटाने गावात येतं. त्यावर मका, लसूणघास आणि आईची पेअरची झाडं जगतात. बाकी चारी बाजूंना नुसतं वाळवंट. झरा आटला की तुरिचा संपलं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पलीकडच्या दरीतलं गाव तसंच संपलं. वर खाण आली, खाणीने पाणी ओढलं, आणि आता तिथली माणसं सणापुरती येऊन आपल्याच घरांचे कोयंडे बघून जातात. त्यामुळे एका खाण कंपनीने आमच्या फर्मला हा सगळा पट्टा वरून बघायला सांगितला तेव्हा मी वाल्देमार साहेबांना स्पष्ट म्हटलं, हे माझं गाव आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, दुसरं कोण आहे इथे? खरंच कुणी नव्हतं. एक पोरगी बाळंतपणाला गेली होती आणि दुसरा खाणीतच नोकरीला लागला होता.

नकाशा तयार झाला तेव्हा माझी मतीच गुंग झाली. लारीचा डोंगर कोरा होता. म्हणजे रंगच नाही. मला ज्याची भीती होती ते खनिज म्हणजे ॲलुनाईट. कोणे एके काळी डोंगरात गरम, आंबट पाणी मुरलं असेल तर ते मागे राहतं, आणि ते दिसलं की खालच्या तांब्यासोन्याच्या आशेने खाणवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. ते नव्हतं, उत्तमच झालं. पण इतकं कसं नसेल? त्या डोंगराच्या खांद्यावर पांढरीफेक माती आहे. लहानपणी ती माझ्या नखांत अडकायची आणि आई ती काडीने काढताना माझा उद्धार करायची. ती माती काहीच गिळत नाही?

आणि दुसरा घोळ त्याहून विचित्र. डोंगराच्या दक्षिणेला काळ्या लाव्ह्याचं मोठं पठार आहे. तिथे ॲलुनाईट असण्याचा संबंधच नाही. तिथल्या उन्हात ॲलुनाईट जो रंग गिळतं नेमका तोच रंग जास्त भरत होता. कमी नाही, जास्त. दगड प्रकाश गिळतात, ओकत नाहीत. मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, मग संगणकाला, मग स्वतःला. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. वाल्देमार साहेबांना बोलावून दाखवलं. ते चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले आणि म्हणाले की लाव्ह्यात आपल्या गिऱ्हाइकाला काही रस नाही, आणि पांढरी माती म्हणशील तर ती ज्वालामुखीची राख असेल, राख कुठे काय गिळते. मला ते पूर्ण पटलं नाही. पण पटून घ्यायची घाई मलाच होती, हेही खरं. मी अहवालात लाव्ह्याबद्दल शंका लिहिली, साहेबांनी ती आणखी बारीक अक्षरात केली आणि नकाशा गेला.

आईला मी फोनवर एवढंच सांगितलं, आपला डोंगर रिकामा आहे.

बाकीचं गावाने केलं. पुढच्या रविवारी मी गेले तर चौकात मोठ्या पातेल्यात पताश्का रटरटत होती, मका आणि मांस कालपासून शिजत ठेवलेलं. वाजंत्रीवाले आले होते. आई, म्हणजे डोरालिसाबाई, जिचा एरवी घरात हात आखडता, ती वाडग्यावर वाडगे भरून वाढत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की रिकामा आहे, माझ्या नोल्फाने विमानातून बघितलं. मी कधी विमानात बसले नाही, पण तिला कोण सांगणार. म्हातारेकोतारे येऊन माझे हात हातात घेत होते. मला बरं वाटत होतं, पण वर डोंगराकडे मात्र बघवत नव्हतं. का ते कळत नव्हतं. मी दोन वाडगे जास्तच खाल्ले.

नंतर कंपनीने आम्हाला बोलावलं. त्यांच्या बाजूने रेनाता बार्रोस नावाच्या इंजिनियर होत्या, हसऱ्या, नीटनेटक्या, कुणाचंही नाव न विसरणाऱ्या. त्यांनी माझा नकाशा भिंतीवर लावला होता. उत्तरेकडच्या एका टेकडीवर बरेच रंग होते, त्यावर त्यांनी गोल केला होता. ते मला अपेक्षित होतं. पण दुसरा गोल लारीच्या डोंगरावर आणि त्याच्या वरच्या घळीवर होता. मला वाटलं, चुकून केला असेल. मी म्हटलं, इथे तर काहीच नाहीये.

"तेच तर," रेनाताबाई म्हणाल्या. "अशी रिकामी जागा मिळायला नशीब लागतं. गाळाचं धरण आपण इथे बांधू."

खाणीत दगड दळून त्यातलं तांबं काढून घेतलं की उरतो तो गाळ, पाण्यात कालवलेला, औषधं मिसळलेला, डोंगरभर. तो कुठेतरी साठवावा लागतो. आणि तो कुठे साठवतात? जिथे खाली काही नाही तिथे. ज्या जमिनीत काही सापडलं तिच्यावर गाळ ओतून ती कायमची गाडून टाकणं कुणाला परवडेल? हे मला माहीत होतं. कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. आणि तरी रिकामा हा शब्द मी आईला फोनवर आनंदाने सांगितला होता. वरच्या घळीत गाळ म्हणजे खालच्या झऱ्यात गाळ. तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले. रेनाताबाईंनी विचारलं, तुम्हाला बरं नाही का? मी म्हटलं, उकडतंय. खोलीत वातानुकूलन इतकं होतं की त्यांनी शाल घेतली होती.

तिथून परत आल्यावर मी त्या नकाशाच्या मागेच लागले. खरं सांगायचं तर मला तो चुकलेला हवा होता. पण तो चुकलेला निघाला तर पुढे काय होईल याचा मी विचारच केला नाही. माझं डोकं त्या दिवसांत तेवढंच चालत होतं. लाव्हा प्रकाश ओकतोय, म्हणजे कुठेतरी आमच्याच हाताने काहीतरी उलटं झालंय, एवढं मी धरून बसले.

आता हवेची गोष्ट सांगावी लागेल. हवासुद्धा रंग गिळते. म्हणून मोजताना हवेचं गिळणं वजा करावं लागतं. त्यासाठी जमिनीवरची एक पांढरी, सपाट, उघडी जागा निवडतात, जी स्वतः काही गिळत नाही. तिथून जे कमी आलं ते हवेनेच खाल्लं असं मानायचं आणि सगळीकडून तेवढं भरून काढायचं. बाजारात आधी रिकाम्या टोपलीचं वजन करतात ना, तसं. खरं तर ती जागा जमिनीवरच्या हातातल्या यंत्राने तपासून घेतात. पण आमचा जमिनीवरचा माणूस लिसांद्रो, त्याच्या यंत्राची, प्रकाश आत नेणारी काचेची तार प्रवासात तुटली होती, हे मला माहीत होतं. विमान भाड्याचं, थांबणार नाही. मग त्याने डोळ्यानेच जागा निवडली होती. कुठली, ते मी विचारलंच नव्हतं, कारण नकाशावर नुसता एक पांढरा ठिपका होता आणि पांढरे ठिपके वाळवंटात पैशाला पासरी.

मी लिसांद्रोला फोन लावला. तो कुठल्यातरी दुसऱ्या दरीत होता, मागे वारा घोंगावत होता. मी विचारलं, तुरिचाला पांढरी जागा कुठली घेतलीस?

"तुमच्याच गावाचं फुटबॉलचं मैदान," तो खुशीत म्हणाला. "पांढरं, टणक, गवताचं पातं नाही. यापेक्षा चांगलं काय मिळणार होतं? तुझ्या आईने आम्हाला चहा पण दिला."

मी फोन खाली ठेवला आणि हसायला लागले. मग रडायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पाणी आणून दिलं.

सान रोके या संताच्या सणाला आमच्याकडे आसपासच्या गावांचे फुटबॉलचे सामने होतात. धूळ उडू नये म्हणून त्याआधी सगळं गाव लारीच्या खांद्यावरची पांढरी माती खाली आणतं, मैदानावर पसरतं, पाण्याने भिजवतं, आणि मग वाजंत्रीच्या तालावर बायापुरुष, पोरंबाळं, सगळे त्यावर नाचतात. नाचून नाचून ती दगडासारखी बसते. मीही नाचलेय. म्हणजे ते मैदान म्हणजे लारीचा डोंगरच, आणून पसरलेला. लिसांद्रोने त्याच्यावर उभं राहून ठरवलं की ही जागा काही गिळत नाही. टोपलीत बटाटे तसेच ठेवून टोपली रिकामी धरली. मातीने जे गिळलं ते आम्ही हवेच्या नावावर टाकलं आणि सगळ्या नकाशातून पुसलं. डोंगरावरून ॲलुनाईट गेलं, आणि जिथे ते मुळात नव्हतं तिथे लाव्हा प्रकाश ओकायला लागला. वाळवंटात इतकं फिरलेला माणूस असा फसतो, आणि मी, त्या मातीवर नाचलेली, खुर्चीत बसून राखेची गोष्ट मान्य करते.

मी दुसरी पांढरी जागा घेतली, लांब उत्तरेकडे कोरड्या मिठागराच्या काठावरची, जिथे नुसती वाळू आहे. पुन्हा सगळं चालवलं. लाव्हा गपगुमान काळा झाला. आणि लारीचा डोंगर पेटला. खांद्यापासून माथ्यापर्यंत ॲलुनाईट, मधे मोठं कडं, कड्याच्या आत आणखी खनिजं, अशी की पाठ्यपुस्तकात छापावीत. इतका देखणा नकाशा माझ्या हातून आजवर झाला नव्हता. मला त्याचा आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. पाचेक मिनिटं मी नुसती बघत बसले. मग लक्षात आलं की हा दाखवला तर धरण जाईल आणि खोदकाम येईल. नाही दाखवला तर गाळ येईल. दोन्हीकडून झराच मरणार. आणि खरं काय ते तर समोर उघडं पडलं होतं, पण खऱ्याचं करायचं काय ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

वाल्देमार साहेबांना सांगण्याआधी मी बस पकडून तुरिचाला गेले.

आई पाटावर होती. पाण्याची तिची पाळी होती, म्हणजे पाळी संपेपर्यंत ती जागची हलणार नाही, आकाश कोसळलं तरी. मी बांधावर बसून सगळं सांगितलं. गाळाचं सांगताना तिने फावडं थांबवलं. मैदानाचं सांगताना तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली की म्हणजे आम्ही नाचून नाचून डोंगर पुसला. मी म्हटलं, तसंच काहीसं. ती हसली, पण तिचं हसू लगेच विझलं.

मी म्हटलं, आई, मला काही सुचत नाहीये. गप्प राहिले तर गाळ, बोलले तर खाण. तू सांग, काय करू.

तिने पुन्हा फावडं चालवलं. एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं. पाणी वळलं. मला वाटलं, ती म्हणेल, गप्प राहा. किंवा म्हणेल, नोकरी सोड आणि घरी ये. ती म्हणाली, "आपला डोंगर रिकामा आहे असं मात्र लिहून देऊ नकोस."

मी चिडले. मीच लिहिलं होतं ना, आणि हिनेच त्यावर पताश्का वाटली होती. तसं बोलूनही दाखवलं.

"तेव्हा रिकामा म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक होतं?" आईचा आवाज चढला. "माझा बाप दरवर्षी त्या डोंगराला कोकाची पानं न्यायचा, मक्याची दारू न्यायचा. तो काय रिकाम्याला पाजायचा? चोर आला तर त्याला कळतं तरी की हे कुणाचंतरी घर आहे. त्याच्याशी भांडता येतं. कचरा टाकायला येतो त्याला वाटतं इथे कुणी राहतच नाही."

मी म्हटलं, आई, खोदतील. भोकं पाडतील. पाणी जाईल. तुझी झाडं जातील. ती माझ्याकडे बघत होती, मी लहानपणी पडून गुडघे फोडून घेतले की बघायची तशी, आधी किती लागलंय ते बघून मग रागवायचं की नाही ते ठरवणारी.

"जाईल की नाही ते आम्ही बघू," ती म्हणाली. "तू तुझं काम नीट कर. एकदा चुकलीस तेवढं पुरे."

मग तिने मला फावडं दिलं आणि, कधी नव्हे ते, पाळी माझ्यावर सोपवून स्वतः पेअर काढायला गेली. पाळी संपेपर्यंत पाणी मीच वळवलं. बूट चिखलाने भरले. मला अजूनही पटलेलं नव्हतं, पण परत जाताना मनात दुसरा काही विचारही उरला नव्हता.

नवा नकाशा बघून वाल्देमार साहेबांनी आधी डोक्याला हात लावला, मग लिसांद्रोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेवटी गिऱ्हाइकाला फोन केला. रेनाताबाई रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या हुरळून गेल्या. माझं अभिनंदन केलं. धरणाची कल्पना त्या दिवशीच मेली, इतक्या सोप्या रीतीने की मला राग आला. आणि डोंगरावर पहिलं भोक कुठे पाडायचं ते दाखवायला त्यांना माणूस हवा होता. अर्थातच मी. नाही म्हणायला हवं होतं का? मी नाही म्हटलं नाही. मला वाटलं, कुणी परका येऊन झऱ्याच्या डोक्यावरच खुंटी ठोकण्यापेक्षा मी तिथे असलेली बरी. कदाचित हे मी स्वतःला समजावत होते. कोण जाणे.

सकाळी आम्ही निघालो. पुढच्या गाडीत रेनाताबाई आणि मी, मागे छिद्रं पाडायचं यंत्र लादलेला ट्रक. तुरिचाच्या वळणावर रस्ता बंद होता. दगड नव्हते, टायर नव्हते. बायका होत्या. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या, देवळातलं एक लांब बाकडं, सगळं रस्त्यावर आणून त्या ओळीने बसल्या होत्या, टोप्या घालून, मांडीवर विणकाम घेऊन. बाकड्याच्या मधोमध आई. तिने मला गाडीत पाहिलं आणि मान वळवली नाही, हात केला नाही, काही नाही.

रेनाताबाई हळूच म्हणाल्या, तुमचीच माणसं आहेत, तुम्ही बोला ना. मी उतरले. उतरून दोन्ही बाजूंच्या मधे उभी राहिले, आणि देवाशपथ सांगते, मला कळेना की मी कुणाकडून कुणाशी बोलायला उतरलेय. ऊन कानशिलांवर आदळत होतं. रेनाताबाईही खाली उतरल्या. त्यांच्या हातात माझा नकाशा होता, गुंडाळून धरलेला. त्यांनी तो बायकांसमोर उलगडला आणि गोड आवाजात समजावायला सुरुवात केली की या डोंगरात काय काय असू शकतं, आणि हे नीट, शास्त्रीय रीतीने शोधलेलं आहे, चुकीला वाव नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग बाकड्यावर थोडी सरकून तिने माझ्यासाठी जागा केली. मी जाऊन बसले. का बसले, ते त्या क्षणी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिने माझ्या हातावर हात ठेवला, मातीने खरखरीत झालेला, आणि रेनाताबाईंकडे बघून म्हणाली, "नकाशा माझ्या मुलीने केलाय. बरोबरच असणार. आता मागे फिरा."